गाडीसकट निवृत्ती

परदेशात नोकरी करून कुडाळ तालुक्यातल्या वालावलला कायमचं राहायला येणाऱ्या माणसानं बरोबर काय काय आणावं याबाबत गाव उदार असतं, आणि कायदाही अगदीच कंजूष नाही. भांडीकुंडी, गाद्या, धुलाईयंत्र, टीव्ही अशा संसाराला सीमाशुल्कात काही ना काही सवलत मिळते. गाडं अडतं ते गाडीपाशी. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानं 'प्रवासी सामान' म्हणजे काय हे सांगताना मागाहून बोटीनं येणारं सामानही उदारपणे त्यात धरलं आणि लगोलग मोटारगाडी तेवढी वगळली. ज्या गाडीत बसून माणसानं परदेशात निम्मी हयात काढली, ती कायद्याच्या लेखी त्याचं सामानच नव्हे. तिला व्यापाऱ्यांनी मागवलेल्या मालाच्या रांगेत उभं राहावं लागतं. तरीही ती आणायची हौस काही सुटत नाही. माझं म्हणणं असं, की ही हौस मुळात गाडीची नसतेच. 'आपण तिकडे होतो आणि बरे होतो' याचा दारात उभा करता येईल असा पुरावा हवा असतो. एकेकाळी बोटीवर काम करणारे आणि आखातात गेलेले लोक तोच पुरावा टू-इन-वनच्या रूपानं आणत आणि तो खळ्यात मोठ्या आवाजात लावत. पुरावा तोच राहिला, आकार मात्र वाढला. आणि सरकारनं या पुराव्याची जी किंमत लावली आहे, ती पुराव्याची म्हणून पाहिली तर मला मुळीच अवाजवी वाटत नाही.

आधी अटी पाहू, कारण बहुतेक उमेदवार तिथेच गळतात. वापरलेली गाडी आणायची तर ती तयार होऊन तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा, सुकाणू उजव्या हाताला असावं, वेगमापक किलोमीटर दाखवणारा असावा, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला सोसेल असा पडावा. स्थळ बघायला निघालेल्या जुन्या काळच्या वरमाईचीही यादी याहून लहान असे. सुकाणूच्या एका अटीनं अमेरिका बाद होते आणि सगळं आखातही बाद होतं. म्हणजे कोकणातली माणसं जिथे सर्वांत जास्त गेली, नेमक्या तिथल्याच गाड्या येऊ शकत नाहीत. उरतात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर असे मोजके देश, आणि त्यातल्या ब्रिटनमध्ये रस्त्यांवर अजून मैलांचंच राज्य आहे. शिवाय गाडी इथे आल्यावर निदान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तेवढा काळ तिच्या देखभालीची सोय देशात असेल, अशी हमी लागते. गाडीबरोबर येणाऱ्या मालकाकडून अशी हमी कोणी मागत नाही, हे नशीबच. सगळं जमलं तरी गाडी उतरणार फक्त मुंबई बंदरात. सिंगापूरहून मुंबईला निघालेली बोट मालवणचा किनारा उजव्या हाताला ठेवून पुढे जाते. म्हणजे गाडी गावावरून जाणार, मुंबईला उतरणार, पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत तपासणी देणार आणि मग मुंबई-गोवा महामार्गानं पाचेकशे किलोमीटर उलट येणार. या प्रवासातला सर्वांत खडतर टप्पा समुद्राचा नाही, हे कोकणी वाचकाला सांगायला नको. पुण्यात एखाद्या परक्या वस्तूला पसंती मिळवणं सोपं की या महामार्गावरचं वडखळ ओलांडणं सोपं, एवढाच काय तो वाद.

आता हिशेब. नवी असताना ३० लाखांची असलेली गाडी घेऊ. सीमाशुल्क खातं घसारा देतं तो पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ आणि तिसऱ्या वर्षी अडीच. तीन वर्षं भरत आली असतील तर एकूण ३८ टक्के वजा होतात आणि १८ लाख ६० हजार उरतात. बोटीचं भाडं आणि विमा धरून सोयीसाठी २० लाख म्हणू. वापरलेल्या गाडीवर मूळ सीमाशुल्क वर्षानुवर्षं १२५ टक्के होतं आणि त्यावर अधिभार, मिळून एकशे साडेसदतीस टक्के. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याची नावं आणि वाटण्या बदलल्या, बेरीज तीच राहिली. म्हणजे साडेसत्तावीस लाख. झाले साडेसत्तेचाळीस. या बेरजेवर, म्हणजे भरलेल्या करासकट, मोठ्या गाडीला ४० टक्के जीएसटी, आणखी १९ लाख. साडेसहासष्ट लाख झाले आणि गाडी अजून बंदराच्या फाटकाच्या आतच आहे. मग एमएच-०७ ही अक्षरं मिळवण्यासाठी महाराष्ट्राचा आयात गाडीवरचा २० टक्के एकरकमी कर. एकूण ७९ लाख ८० हजार. ऐंशी लाखांना वीस हजार कमी पडले, ही त्यातल्या त्यात बचत.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. गाडी माझीच, तिच्यावर तिकडचा कर मी एकदा भरला, मग घरी आणताना पुन्हा का? युरोपात असं नसतं, हेही खरं. ब्रिटनमध्ये राहायला जाणाऱ्यानं बारा महिने बाहेर काढले असतील आणि गाडी सहा महिने वापरली असेल, तर त्याला ती शुल्काशिवाय नेता येते. म्हणजे कुडाळच्या निवृत्त मास्तरांनी लंडनला मुलाकडे कायमचं जाताना आपली वॅगनआर नेली तर तिकडचं सरकार वर्षभर ती विकू नका, एवढंच सांगेल. पण फरक कुठे आहे बघा. मास्तरांची वॅगनआर लंडनमध्ये पाहून कोणाचं काळीज हलणार नाही. ज्या देशात परदेशी गाडी ही नुसती गाडी आहे, तिथे ती फुकट सोडणं परवडतं. आपल्याकडे ती प्रतिष्ठा आहे, आणि प्रतिष्ठेवर कर बसवणं ही जगातली सर्वांत सोपी वसुली, कारण देणारा ती ओरडत देतो पण देतो. सवलत मागणाऱ्याचं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ साली सचिन तेंडुलकरला फेरारी भेट मिळाली आणि पुढच्या वर्षी सरकारनं तिच्यावरचं सुमारे १ कोटी १३ लाखांचं शुल्क माफ केलं. एरवी ज्याच्या एका चौकारासाठी देश कामधंदा सोडत असे, त्याच्या या माफीवर देश चिडला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी ते शुल्क गाडी देणाऱ्या फियाट कंपनीनं भरलं. ज्या आडनावात आमच्याच कुडाळ तालुक्यातलं तेंडोली गाव आहे, त्या माणसाला २९ शतकांवर जे पचलं नाही, ते तीस वर्षांच्या नोकरीवर कोणाला पचावं?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. इकडच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे, असं म्हणणारे अजून भेटतात. हे म्हणणं बऱ्याच वर्षांपूर्वी खरं होतं. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत भारतात तयार झालेल्या गाडीला पाच तारे मिळाले त्यालाही आता जमाना झाला, ती २०१८ ची टाटा नेक्सॉन. २०२३ पासून तर भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही आहे. उलट इथल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्यासाठी न बनलेल्या इंजिनानं ते पिऊन काय करावं, हे त्याचं त्यानंच ठरवायचं. आठ एअरबॅग असलेली गाडी नेरूर सोडून वालावलच्या वाटेला लागली की तिला धोका समोरच्या ट्रकपेक्षा दोन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या गडग्यांचा आणि वरच्या नारळाचा जास्त. नारळासाठी एअरबॅग अजून निघालेली नाही. ताशी दोनशेचा वेग घेऊ शकणारी गाडी लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी पोचेपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. वाटेत समोरून एसटी आली तर मागे कोणी जायचं, याचा निर्णय गाडीच्या किमतीवर होत नाही. पावसाळ्याचे चार महिने आणि कर्ली खाडीची खारी हवा बाराही महिने. एखादा सेन्सर गेला की कुडाळचा मेकॅनिक बोनेट उघडतो, आत प्लास्टिकचं झाकण पाहतो, आणि आदरानं बोनेट बंद करतो.

तिसरा आक्षेप भावनेचा आणि त्यावर तर्क चालत नाही, असं समजलं जातं. मला वाटतं चालतो. गाडीवर जीव असतोच, पण तीन वर्षांची अट लक्षात घेतली तर ज्या गाडीतून मुलं शाळेत गेली, ती गाडी कधीच येऊ शकत नाही. येते ती निवृत्तीच्या तोंडावर, अटीत बसावी म्हणून घेतलेली. तिच्यावर जीव जडायला वेळच कुठे मिळाला? म्हणजे पुन्हा पुरावाच. आणि पुरावा कोणासाठी? वालावलमध्ये अमका विलायतेत आहे, तिथे त्याचं दोन मजली घर आहे, मुलगी डॉक्टर आहे आणि जावई गोरा आहे, हे त्यानं बॅगा भरायच्या आधीच माहीत असतं. पगाराचा आकडाही असतो, फक्त तो थोडा वाढवलेला असतो. सीमाशुल्क आणि जीएसटी मिळून साडेसेहेचाळीस लाख आणि वर तेरा लाखांचा राज्याचा कर भरून गावाला जे सांगायचं, ते गाव त्यालाच उलट सांगेल.

गाडी वाहून नेण्याची हौस किती टिकते याची चाचणी कोकण रेल्वेनं नकळत घेतलीच. २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा अशी मोटारींसाठी रो-रो सेवा निघाली, एका गाडीला ७,८७५ रुपये. किमान सोळा गाड्या जमल्या तर फेरी, असा नियम होता, आणि दर वर्षी महामार्गाच्या नावानं बोटं मोडणाऱ्या चाकरमान्यांतून सोळा जमवताना रेल्वेच्या नाकी नऊ आले. जो माणूस गाडी गावी न्यायला आठ हजार द्यायला कां-कूं करतो, तोच साठ लाखांचा बेत मात्र मन लावून आखतो. म्हणून माझी सूचना फार कमी खर्चाची आहे. गाडी तिकडेच विकावी, आलेल्या पैशांत कुडाळला इथली गाडी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत विहिरीचा गाळ काढून माडांना ठिबक करावं. पुरावा हवाच असेल तर तिकडच्या पिवळ्या नंबरपाटीची हुबेहूब नक्कल करून आणावी आणि ओटीवर खिळ्याला अडकवावी. तिच्यावर सीमाशुल्क लागलंच तर चहापाण्याइतकं. येणाराजाणारा ती वाचेल, मान हलवेल आणि सुपारी कातरता कातरता विचारेल, "पाटी इली, मगे गाडी खंय रवली?"