संध्याकाळपर्यंत बघू

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की सिलतरा येतं. तिथल्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात आमचे साहेब परचेस मॅनेजर आहेत. घर तात्यापाऱ्यात. घराणं म्हणे भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपूरहून आलं. खरंच का, असं विचारलं तर साहेब म्हणतात, "तसं म्हणतात बुवा." स्वतःच्या पूर्वजांबाबतही ते शब्दात अडकत नाहीत.

कोळसा कुठला घ्यायचा, हा त्यांचा जन्माचा प्रश्न. कोरब्याचा जवळ, पण राख फार. विशाखापट्टणमला उतरणारा आफ्रिकन चांगला, पण त्याचा भाव डॉलरच्या आणि जहाजाच्या लहरीवर. साहेब तीन कोटेशनं मागवतात. तिन्हींचं जमत नाही म्हणून चौथं. ते येईस्तोवर पहिल्याची मुदत संपते. मग अकाउंट्सला 'आपले मत कळवावे', प्रॉडक्शनला 'आपले मत कळवावे' आणि सेठजींना 'मान्यतेस्तव सादर'. तिघांचंही उत्तर येतं, 'आपणास योग्य वाटेल तसे करावे.' की साहेब समाधानाने फाइल बांधतात.

पंचाईत एकच. भट्टीला मेल वाचता येत नाही. हजार अंशांच्या आसपास ती रात्रंदिवस फिरत असते, विझली तर पुन्हा तापवायला दिवस मोडतात. यार्डात दोन दिवसांचा माल उरला की शिफ्ट इंजिनिअर दारात येऊन नुसता उभा राहतो. तेव्हा मात्र साहेब अर्ध्या मिनिटात निर्णय घेतात. जो व्यापारी आधी फोन उचलेल, त्याचा माल. याला ते 'मार्केटची नस' म्हणतात.

भाचा इथल्याच आयआयएममध्ये शिकतो. त्याने मामांना अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट ऐकवला. १९२१च्या पुस्तकात नाइटने जोखीम वेगळी आणि अनिश्चितता वेगळी काढली : पहिलीत शक्यतांचा हिशेब मांडता येतो, दुसरीत तोही येत नाही. साहेब खूश. "मग माझं काय चुकतं? पत्रिकाच नाही, तर मुहूर्त कशावरून काढू?"

आणि मग २०२२चा मे उजाडला. लोहखनिजाच्या पेलेटच्या मोठ्या खरेदीची फाइल साहेबांच्या टेबलावर पिकत पडली होती. २१ तारखेच्या शनिवारी संध्याकाळी केंद्राने पेलेटच्या निर्यातीवर ४५ टक्के आणि पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के शुल्क बसवलं. भाव धाडकन खाली. शेजारच्या कारखान्यातला तडफदार मॅनेजर यार्डभर महाग माल घेऊन बसला होता. आमच्या सेठजींनी मिठाई वाटली : "हमारे साहब की दूरदृष्टि देखो!" साहेबांनी नम्रपणे मान खाली घातली. फाइलवर सही राहून गेली होती, एवढंच. पण ते सांगणार कोण? आणि खरं सांगायचं तर तो शेजारचाही बिचारा काही मूर्ख नव्हता.

१९ नोव्हेंबरला शुल्क उठलं, तेव्हा स्वस्तात माल भरून ठेवायची फाइल त्याच टेबलावर होती. त्या वेळी मात्र दोष सरकारचा ठरला.

साहेब निवृत्तीला आले तेव्हा सेठजी म्हणाले, एवढ्या दूरदृष्टीचा माणूस जातोय, तर वारसही त्यांनीच निवडावा. साहेबांनी तीन नावं काढली. तिघेही आपापल्या परीने योग्य आहेत. चौथ्याचा अर्ज मागवला आहे. तोवर साहेबांना मुदतवाढ मिळाली आहे. सध्या तिसरी चालू आहे.