डबड्यांची कैफियत

॥ श्री ॥

निशी-कासाई, तोक्यो
ज्येष्ठ वद्य दशमी

तीर्थरूप अण्णांस,
बाळाचे शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आपले पत्र गेल्या मंगळवारी पावले. तहसील कचेरीतून अव्वल कारकून या हुद्द्यावरून आपण निवृत्त झालात त्याला आता सोळा वर्षे होत आली. तथापि डाव्या समासात लाल शाईने घातलेले मुद्द्यांचे आकडे, अखेरीस दोनदा अधोरेखित केलेले ‘सबब खुलासा करावा’ हे वाक्य, आणि मजकुरात सर्वत्र माझा झालेला ‘सदर इसम’ असा उल्लेख पाहून, हे पत्र बापाने लेकास लिहिलेले नसून कचेरीने रयतेस बजावलेले आहे, हे माझ्या ध्यानात आले. आपल्या सुनेने फोनवरून जी तोंडी फिर्याद आपणांकडे गुदरली, तिचा मथितार्थ असा की, सदर इसम दर शनिवारी पोरांच्या खेळांची जुनी डबडी विकत आणतो, ती दिवाणखान्यात मांडतो, आणि मांडतो तीही पाठमोरी. तिन्ही कलमे खरी आहेत. नाकबूल करण्यात अर्थ नसल्यामुळे, आपल्याच हाताखाली शिकलेल्या पद्धतीने, ही कैफियत सादर करीत आहे.

प्रथम डबडी म्हणजे काय ते सांगणे प्राप्त आहे. १५ जुलै १९८३ रोजी क्योतोच्या निन्टेन्डो कंपनीने फॅमिकॉम नावाचे, पांढऱ्या अंगाचे आणि कुंकवाहून किंचित काळसर अशा तांबड्या काठांचे एक यंत्र १४,८०० येन किमतीस विक्रीस काढले. ते टीव्हीस जोडावयाचे, वरच्या खाचेत तळहाताएवढी प्लास्टिकची वडी खुपसावयाची, आणि मग पडद्यावर जे काही पळू-उडू लागेल त्याच्यामागे आपण बसल्या जागी पळावयाचे, असा त्याचा विधी. त्या वडीला आपल्या गावी, वाईत, आपण सारे ‘कॅसेट’ म्हणत असू. तिच्या पोटात फीत नसते हे समजल्यापासून तो शब्द मी आपल्या ग्रामीण अज्ञानाचा पुरावा मानीत आलो होतो, परंतु इकडे आल्यावर कळले की खुद्द जपानी माणूसही तिला ‘कासेत्तो’च म्हणतो, म्हणजे या बाबतीत वाई आणि क्योतो यांचे एकमत होते आणि चुकत होतो तो इंग्रजी पुस्तके वाचून शहाणा झालेला मी.

क्योतोवरून आणखी एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. दहावीच्या वर्षी, म्हणजे १९९९च्या जूनमध्ये, आपण माझे तसलेच यंत्र जप्त केलेत, तेव्हा ‘हा पत्त्यांच्या अड्ड्याचाच धाकटा भाऊ’ असा शेरा मारला होता, आणि तो मला त्या वेळी कमालीचा अन्यायाचा वाटला होता. परंतु ही कंपनी १८८९ साली क्योतोत स्थापन झाली ती हानाफुदा नावाचे फुलाफुलांचे पत्ते तयार करण्यासाठीच, ही गोष्ट येथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आपला शेरा इतिहासाच्या कसोटीस अक्षरशः उतरला आहे, आणि चोवीस तास त्या पत्त्यांच्या वंशजांच्या सहवासात राहूनही तो खोडून काढणे मला साधलेले नाही.

आता मुद्दा क्रमांक २, ‘असल्या वस्तूंस किंमत काय’. अण्णा, या वस्तू गोळा करणाऱ्यांत आपल्याकडील संप्रदायांइतकेच पंथ आहेत. सर्वांत धनाढ्य पंथ आहे तो न उघडलेल्या वेष्टनाचा. दुकानातून निघाल्यापासून जिला मानवी हाताचा स्पर्श झाला नाही अशी कॅसेट पारदर्शक पेटीत कायमची कोंडतात, तिला परीक्षकाकडून दहांपैकी गुण देववतात, आणि मग तिचा लिलाव पुकारतात. २०२१च्या ऑगस्टमध्ये सुपर मारिओ ब्रदर्सची अशी एक प्रत वीस लाख डॉलरांस गेली. ज्याने ती घेतली त्याला ती खेळता येत नाही, कारण खेळावयास उघडली की वीस लाखांतले बहुतेक शून्य त्याच क्षणी गळून पडतात. आईने काचेच्या कपाटात ठेवलेल्या त्या सहा कपबशांचे, ज्यांतून मामलेदारसाहेबांसही कधी चहा मिळाला नाही, तत्त्वज्ञान याहून वेगळे नव्हते. फक्त तिला गुण देणारा परीक्षक भेटला नाही. दुसरा पंथ संपूर्णवाद्यांचा. फॅमिकॉमसाठी हजाराहून अधिक खेळ निघाले, आणि त्यांतला एक जरी उणा असला तरी या लोकांस झोप लागत नाही. यांच्याविषयी मला आदर आहे. माझ्याजवळ त्यांच्याइतक्या भिंती नाहीत.

माझा पंथ तिसरा, आणि बाजाराच्या दृष्टीने सर्वथैव दिवाळखोरीचा. येथील जुन्या मालाच्या दुकानांत एका कोपऱ्यास ‘जंक’ म्हणतात. तेथे तपासणी न केलेला, हमी नसलेला, परत न घेण्याच्या बोलीचा माल टोपल्यांत ओतून ठेवलेला असतो, आणि गुडघे टेकून, शनिवारच्या बाजारात मेथीची जुडी निवडावी तसा तो निवडावा लागतो. त्या टोपल्यांत ज्या कॅसेटी सर्वांत स्वस्त, त्या मी घेतो. त्या स्वस्त असतात याचे कारण त्यांच्या पाठीवर कोणा पोराने चाळीस वर्षांपूर्वी, न पुसल्या जाणाऱ्या जाड शाईच्या लेखणीने, स्वतःचे नाव लिहिलेले असते. त्या पोरास चित्रलिपी अद्याप येत नसल्याने ते वाकड्यातिकड्या हिरागाना अक्षरांत असते. कित्येकदा पुढे ‘इयत्ता तिसरी, तुकडी दुसरी’ अशी नोंदही असते. एका कॅसेटीवर एक नाव खोडून दुसरे घातलेले आहे, आणि दुसरे खोडून पुन्हा पहिले, एवढ्यावरून त्या आळीत काय कज्जा झाला असेल याची कल्पना आपणांइतकी दुसऱ्या कोणास येणार? संग्राहक अशा मालास ‘खराब’ म्हणतात. मला मात्र, ज्या घरात ताटापासून तांब्यापर्यंत प्रत्येक भांड्यावर कोणी, कोणास, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या साली दिले याचा शिलालेख कोरलेला असे, आणि लग्नाच्या पंगतीहून परत आलेली वाटी या लेखावरून आपल्या मूळ घरी बिनचूक पोहोचत असे, त्या घरात वाढल्यामुळे, नाव नसलेली वस्तू पाहिली की ती चोरीची असावी असाच प्रथम संशय येतो.

ही कल्पना सर्वस्वी माझी, असे मात्र म्हणवत नाही. येथील एका गृहस्थाने अशा नावे घातलेल्या कॅसेटी जमवून त्या मूळ मालकांस परत पोहोचविण्याचाच उपक्रम आरंभिलेला आहे, आणि आपली सून त्यांचा दाखला दिवसाआड देते. तो उदात्त हेतू माझ्या मनात अद्याप उत्पन्न झालेला नाही.

एवढ्यावरून मुद्दा क्रमांक ३चा, म्हणजे पाठमोऱ्या मांडणीचा उलगडा व्हावा. नावे पाठीवर, सबब पाठी पुढे. समोरच्या अंगास रंगीत चित्रे असतात, ती आमच्या फळ्यांवर भिंतीकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखी उभी आहेत. घरी आलेले मराठी पाहुणे हा प्रकार पाहून काही बोलत नाहीत, परंतु एका वहिनींनी निघताना हिला बाजूस घेऊन, ‘भावजींची प्रकृती बरी असते ना?’ असे विचारल्याचे मला मागाहून समजले. आपल्या नातवाचे मत, कॅसेटी रंगांवरून लावाव्यात, इंद्रधनुष्यासारख्या. फॅमिकॉमच्या कॅसेटी नाना रंगांच्या असल्यामुळे ते अशक्य नाही. हिचे मत, त्या भिंतीतल्या ज्या कपाटात जपानी लोक गाद्या ठेवतात, तेथे ठेवाव्यात, दार लावून. आमचा दिवाणखाना आठ चटयांचा आहे. येथे खोली चौरस फुटांत सांगत नाहीत, तातामी चटया किती मावतील त्यावर सांगतात, आणि आठ चटया म्हणजे आपल्या देवघरासमोरच्या पडवीहून काही जास्त नव्हे. त्यांतली अर्धी चटई माझ्या फळ्यांनी आक्रमिली आहे, आणि या अतिक्रमणाची नोंद घरातील प्रत्येकाच्या मनात स्वतंत्र फेरफार-क्रमांकाने झालेली आहे.

मोजणीत आणखी एक चौदा इंची, काचेच्या नळीचा जुना टीव्ही सापडेल. तो शेजारच्या आजोबांनी मला फुकट दिला, असे मी हिला सांगितले होते. वस्तुस्थिती अशी की, २००१पासून येथे असला टीव्ही टाकून द्यावयाचा तर मालकासच शुल्क भरावे लागते, आणि ते आजोबा मला वाकून वाकून नमस्कार का करीत होते हे हिला आठवड्याभरात उमगले. पण तो टीव्ही मला हवाच होता, कारण बदके मारण्याच्या एका खेळाची बंदूक नव्या सपाट पडद्यावर चालतच नाही. चाप ओढताच पडदा निमिषभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला डोळा तेवढा उजेड टिपतो. हा सारा हिशेब जुन्या नळीच्या वेगाशी बांधलेला आहे. गोळी सुटतच नाही, अण्णा. बंदूक केवळ पाहते.

पिवळ्या पडलेल्या यंत्रांस हायड्रोजन पेरॉक्साइड फासून गॅलरीत उन्हास ठेवण्याचा प्रयोग, त्याच उन्हात हिच्या कुरडया वाळत असल्यामुळे, एका वाटाघाटीनंतर बंद झाला. तपशील देत नाही.

आता ज्या एका बाबतीत मला आपला सल्ला, किंबहुना फैसलाच, हवा आहे, ती बाब विस्ताराने लिहितो. फेब्रुवारीत मला टोपलीच्या तळाशी ड्रॅगन क्वेस्ट क्रमांक ३ची कॅसेट मिळाली. हा खेळ १० फेब्रुवारी १९८८ रोजी निघाला. तो एका बैठकीत संपणारा नव्हे, सबब झाली तेवढी मजल टिपून ठेवण्यासाठी कॅसेटीच्या पोटात रुपयाएवढी एक बॅटरी डाख देऊन बसविलेली असते, आणि तिच्या जिवावर तीन दप्तरे राहतात. त्यांस ‘साहसाची वही’ असे म्हणतात. बॅटरी मेली की वह्या पुसल्या जातात आणि यंत्र दुखवट्याच्या सुरावटीत तसे कळविते. पस्तीसहून अधिक वर्षांनी ती मेलेलीच असावयाची. मी कॅसेट लावली, आणि तिन्ही वह्या जिवंत निघाल्या!

पहिल्या वहीतल्या वीराचे नाव तेच, जे कॅसेटीच्या पाठीवर आहे. तो अडतिसाव्या पायरीस पोहोचला आहे. वही उघडताच तो राजापुढे उभा राहतो, आणि पुढली पायरी चढावयास आणखी किती अनुभव हवा तो आकडा राजा त्यास सांगतो. तो आकडा राजाने त्यास शेवटचा सांगितला तेव्हा मी बहुधा पाळण्यातून नुकता उतरलो होतो. दुसरी वही सातव्या पायरीवर थांबली आहे, ती धाकट्या भावाची असावी. तिसरी वही पहिल्या पायरीची आहे, एकही राक्षस न मारलेली. तिच्यातली व्यक्ती राजवाड्याबाहेर पडलेलीच नाही, आणि तिचे नाव स्त्रीचे आहे.

आपल्या नातवाची मागणी अशी की, तिसरी वही पडीक आहे, कसणारे कोणी नाही, सबब ती मोकळी करून त्याच्या नावे लावावी. वरकरणी मागणी वाजवी आहे. परंतु आपली सून, जी या साऱ्या प्रकरणात आजवर फिर्यादी होती, ती एकाएकी प्रतिवादीचे वकीलपत्र घेऊन उभी राहिली. तिचे म्हणणे, वहीतली ती बाई त्या घरातली आई आहे, पोरांनी आग्रह केला म्हणून नाव घालून बसली असेल, तेवढ्यात कुकरची शिटी झाली असेल, आणि ती उठून गेली असेल. उठून गेलेल्या बाईची जागा बळकावणे हा कुठला न्याय? कुकर जपानी घरात असतो काय, हा माझा हरकतीचा मुद्दा फेटाळण्यात आला. तेव्हापासून कॅसेट ‘जैसे थे’ स्थितीत आहे. नवी बॅटरी बसवावी तर जुनी काढण्याच्या क्षणी तिन्ही कुळे बेदखल होतात. न बसवावी तर एका सकाळी ती आपसूक होतील. कूळकायद्याची इतकी प्रकरणे आपल्या हाताखालून गेली, तर इतक्या वर्षांच्या निर्वेध वहिवाटीने या तिघांस काही हक्क पोहोचतो की कसे, ते कृपा करून कळवावे. तूर्त मी रोज रात्री कॅसेट लावून तिघेही हजर असल्याची खात्री करतो, आणि बंद करताना रीसेटची कळ दाबून धरतो, कारण तसे न केल्यास दप्तर बिघडते.

शेवटची बाब अर्जाच्या स्वरूपाची आहे. १९९९च्या जूनमध्ये जप्त केलेला माल, माझ्या माहितीप्रमाणे, माळ्यावर, जुन्या पंचांगांच्या ट्रंकेमागे आहे. त्यातील यंत्र मला नको. येथे वीज १०० व्होल्टची, आणि ते तसेही नकली होते. हवी आहे ती कॅसेट, मामांनी मुंजीत दिलेली, जिच्यावर ९,९९,९९९ खेळ असल्याचे छापले होते आणि जिची आपण एका रविवारी जातीने मोजणी करून, एकूण खेळ आठ, बाकीची नावे बदलून पुन्हा पुन्हा लावलेली खोटी खाती, असा निष्कर्ष वहीत नोंदविला होता. त्या काळी आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक कॅसेटी फॅमिकॉमच्याच साठ पिनांच्या मापाच्या असत, तेव्हा ती येथील खाचेत बसावी. तीवर, मुंजीतली भांडी कोरावयास बसलेल्या त्या माणसापुढे डब्यांच्या ओघात तीही सरकवून, आपण ‘चि. बाळ यास मामांकडून, मुंजीप्रीत्यर्थ, सन १९९३’ असे कोरून घेतले होते. मित्रांनी वर्षभर चिडविले, आणि मी त्या लेखावर स्टिकर चिकटविला होता. तो आता सोलून काढावयाचा आहे, पण सावकाश, केसांच्या ड्रायरची ऊब देऊन.

धाकटी आत्या श्रावणात लेकीकडे योकोहामास येणार आहे, तिच्या हाती कॅसेट देण्याची तजवीज व्हावी. जप्तीची मुदत किती, हे आपण त्या वेळी सांगितले नव्हते. दहावी होऊन आता पंचवीस वर्षे उलटली. फळीवर तिच्यासाठी, डावीकडून तिसऱ्या खणात, एका कॅसेटीपुरती जागा मी रिकामी ठेवली होती. सध्या तेथे आईने पाठविलेल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी आहे. तात्पुरती, असे ही म्हणते.

सर्व वडीलधाऱ्यांस नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
बाळ