माननीय पोर्शनसाहेबांस अनावृत पत्र

माननीय पोर्शनसाहेब,

यंदाही परीक्षेच्या आत आपण पूर्ण झालात, त्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन! शिक्षकभरती रखडते, गणवेश उशिरा येतात, गळक्या वर्गांची दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यावर जाते. आपण मात्र कधी मागे राहत नाही. सरकारी दप्तरी आपली नोंद अभ्यासक्रम या भारदस्त नावाने होते, पण शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत आणि शिकवणीच्या दारात चौकशी होते ती ‘पोर्शन कुठवर आला?’ अशीच. मुले कुठवर आली, हे कोणी विचारत नाही. आपल्याबद्दलचा हा आदर पाहून आनंद वाटतो. त्या आदराची किंमत काय पडते, एवढेच आपल्या कानावर घालण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपल्या दराऱ्याला कायद्याचाही आधार आहे, हे मान्य. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे २४वे कलम शिक्षकांची कर्तव्ये सांगते आणि ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करणे हे त्यांतले एक. पण त्याला लागूनच दुसरे कर्तव्य लिहिले आहे : प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासावी आणि गरज असेल तिथे जादा शिकवावे. या शेजाऱ्याशी आपले कधी बोलणे झाल्याचे ऐकिवात नाही. कायद्यानेच पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा ठरवून दिली आहे आणि त्यांतच दोघांना राहायचे आहे. तुम्ही ऐसपैस पसरलात, शेजाऱ्याच्या वाट्याला ‘उपचारात्मक अध्यापन’ नावाची एक नोंदवही आली. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. तुम्ही संपलात की नाही, हे टाचणवही उलटून पाच मिनिटांत कळते. शेवटच्या बाकावरच्या मुलीला काय वाचता येते, हे कळायला तिच्याजवळ बसावे लागते. तपासणीला आलेल्या माणसाने यांतले काय निवडावे, हे सांगायला नको.

आता तुमच्या कर्तबगारीचा हिशेब. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेच्या पुढाकाराने २००५पासून ‘असर’ हे सर्वेक्षण होते. २०२४च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले जेमतेम निम्मी निघाली. साधा भागाकार जमणारी दहांत तीन. ‘हे सरकारी शाळांचे दुखणे’ म्हणून हात झटकू नका. फी भरून खासगी शाळेत जाणाऱ्या पाचवीतल्या दहांपैकी चौघांनाही तो उतारा वाचता आला नाही. आणि त्याच पाचवीत तुम्ही अपूर्णांक घेता, दशांश घेता, कोन मोजायला लावता. भागाकार न येणाऱ्या मुलासमोर दशांश अपूर्णांक ‘झाला’ म्हणजे नेमके काय झाले? फळ्यावर झाला, वहीत उतरला, टाचणात चढला. एसटी वेळापत्रकाप्रमाणे सुटली आणि वेळेत डेपोत पोचली. निम्मे उतारू तिसऱ्याच थांब्यावर राहिले, याची नोंद करायला रकाना नव्हता. मागच्या वर्षीचे सगळे आले आहे असे धरूनच पुढचे पुस्तक सुरू होते. म्हणून तिसरीत राहिलेली फट सहावीपर्यंत भगदाड होते आणि त्यापुढे मूल केवळ हजेरीपटावर उरते. यशपाल समितीने १९९३मध्ये हेच बजावले होते : दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे जड असते. लोकांनी लक्षात ठेवले ते दप्तराचे वजन. (मध्यंतरी दप्तर हलके करण्यासाठी महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने घालण्यात आली होती. आपल्यात शिरलेली ती एकमेव मोकळी जागा. दोन वर्षांत तीही काढून टाकली.)

तुम्हाला थोडे आवरले तर काय होते, हे मुंबईच्या महापालिका शाळांत पाहून झाले आहे. या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत आणि बडोद्यात ‘बालसखी’ नावाचा प्रयोग झाला. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एखादी तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून अक्षरे, वाचन, बेरीज-वजाबाकी शिकवी. तिला ना बीएड, ना मोठा पगार. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. कार्यक्रम संपला, मुले पूर्णपणे आपल्या ताब्यात परतली आणि वर्षभरात त्या फायद्याचा बराच भाग ओसरला. आपले अभिनंदन इथेही करायला हवे.

आपले चाहते म्हणतील, पोर्शन अर्धा ठेवला तर हुशार मुलांनी काय करायचे, स्कॉलरशिपचे काय, दहावीचे काय? ही काळजी खोटी नाही. पण तुम्हाला हद्दपार करा असे कोणी म्हणत नाही. तिसरी ते पाचवीत रोजचे दोन तास मोकळे करा, एवढेच मागणे आहे. त्या वेळात इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करायचे आणि पुढच्या गटाने पुढचे वाचायचे. दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे : शिक्षण हक्क कायद्याने नापास करणे बंद केले, तिथेच घसरण सुरू झाली. मग २०१०मध्ये कायदा लागू होण्याआधीचे आकडे कोणी दडवले आहेत का? ‘असर’च्या पहिल्या फेऱ्यांतही पाचवीची निम्म्याहून थोडीच अधिक मुले तो उतारा वाचत होती आणि तेव्हा बऱ्याच राज्यांत नापास करण्याची मुभा होती. आता पाचवी-आठवीला परीक्षा पुन्हा आली आहे. जे एकदा त्याच वेगाने कळले नाही, ते तोच वेग, तेच पुस्तक आणि वर एक शिक्का यांनी कळेल, यावर भिस्त आहे. तिसरा आक्षेप खरा आहे : दोन शिक्षकी शाळेत चार इयत्तांचे चार पोर्शन, शिवाय निवडणुका, जनगणना आणि ऑनलाइन माहिती. त्याला माझ्याकडे तोड नाही. रिक्त पदे भरल्याशिवाय तिथे कोणतीच युक्ती चालणार नाही. फक्त, माणसे वाढली तर तीही तुम्हालाच संपवायला जुंपली जाणार नाहीत, याची हमी आधी हवी.

तेव्हा साहेब, जूनपासून रोज दोन तासांची किरकोळ रजा टाकावी. पुढच्या भेटीत केंद्रप्रमुखांनी टाचण मागण्याआधी वर्गातली कोणतीही पाच मुले बोलावून प्रत्येकाकडून एक परिच्छेद वाचून घ्यावा आणि जे ऐकू आले तेच शेरेवहीत लिहावे, असा एक आदेश काढण्याची शिफारस आपण स्वतःच करावी. आपल्या शब्दाला खात्यात वजन आहे.

कळावे, लोभ थोडा कमी करावा.

आपला,
एक त्रस्त करदाता