उसाचा डोळा

साखर सोडली तर उसात बाकी सगळं फुकटचं ओझं, असा शिरोळपासून कागलपर्यंत आमचा गैरसमज होता. तो दूर केल्याबद्दल साखर कारखान्यांचे जाहीर आभार. टनामागे पाव टनाहून जास्त बगॅस निघतं. ते बॉयलरमध्ये जळून वीज होते. मळीतून अल्कोहोल, इथेनॉल. प्रेसमड खत होऊन शेतकऱ्याकडेच परत येतं, अर्थात बिलासकट. शेंड्याचं वाढं तेवढं म्हशीच्या वाट्याला; संशोधन अजून तिथवर पोचलेलं नाही. दर मात्र साखरेच्या उताऱ्यावर. बाकीच्या हिशेबाने शेतकऱ्याच्या डोक्याला ताप कशाला?

एकच अवयव दुर्लक्षित राहिला. उसाच्या प्रत्येक पेऱ्याला एक डोळा असतो. लोक म्हणतात, तो लागणीसाठी. आमच्या मते निसर्गाने तो वजनकाट्यावर नजर ठेवायलाच दिला असावा. एका मोळीत शे-दीडशे डोळे, इतकी कडक देखरेख रिझर्व्ह बँकेतही नसेल. व्यवस्थाही चोख: काटा झाला की सगळे साक्षीदार थेट गव्हाणीत.

राहता राहिलं बिल. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत ते द्यावं, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. कुठल्या वर्षीच्या १४ दिवसांत, तेवढं लिहायचं राहून गेलं.