ॲमेझॉन, कागदोपत्री

ॲमेझॉनला कधी जावं, हा प्रश्नच अडाणी. किती पाण्यात जावं, असं विचारायचं असतं. ब्राझीलमधल्या मानौस शहराशी रिओ नेग्रो नदी वर्षाकाठी साधारण १० मीटर वरखाली होते. जूनमध्ये पाणी चढलेलं असतं तेव्हा होडी झाडांच्या शेंड्यांतून फिरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच झाडांच्या बुंध्याशी चिखल तुडवावा लागतो. हे मी सोसायटीच्या जिन्यात, बँकेच्या रांगेत आणि एका बारशाला पाळण्याशेजारी उभा राहून सांगितलेलं आहे. तिकीट अजून काढलेलं नाही, पण त्यासाठी ज्ञान कशाला अडवून ठेवायचं?

तयारी मात्र जय्यत. पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागते. मी ती तारीख ठरायच्याही आधी घेऊन टाकली. तिचं पिवळं कार्ड आता आयुष्यभर चालतं. कुठेही आधार कार्ड मागितलं की माझ्या खिशातून ‘चुकून’ आधी तेच बाहेर येतं. समोरच्यानं विचारलं नाही तर मी थोडा वेळ ते टेबलावर तसंच राहू देतो.

एक्सेलमध्ये ‘निसर्ग’ आणि ‘संस्कृती’ असे दोन रकाने केलेत. निसर्गात काळी रिओ नेग्रो आणि मातकट सोलिमोंइस यांचा संगम आहे. दोन्ही नद्या कित्येक किलोमीटर शेजारून वाहतात, पण मिसळत नाहीत. (आमच्या सोसायटीच्या ए आणि बी विंगला हे दाखवायला न्यायला हवं.) संस्कृतीत मानौसचं ऑपेरा हाऊस, १८९६ चं, रबराच्या पैशातून उभं राहिलेलं. त्या आधी, १८७६ मध्येच, हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजानं रबराच्या सुमारे ७०,००० बिया ॲमेझॉनच्या खोऱ्यातून लंडनला नेल्या. पुढे आशियात रबराचे मळे झाले आणि मानौसची श्रीमंती ओसरली. शेजारच्या आवारातली कैरी पाडली म्हणून मी मार खाल्ला होता. विकहॅमना १९२० मध्ये ‘सर’ केलं.

‘तिकडे खायचे हाल होतील हो’ असं म्हणणाऱ्यांची मला कीव येते, आणि त्यांना थांबवून बसवून घ्यावंसंही वाटतं. कारण आषाढीला तुम्ही जी खिचडी खाता, ती तिकडचीच. साबुदाणा कसावाच्या कंदाचा. त्या कंदाची लागवड ॲमेझॉनच्या खोऱ्यात सुरू झाली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची तिकडची. खिचडी नको म्हणून रताळं घ्याल, तर तेही अमेरिकेचंच. तूप आणि उपास एवढे दोन जिन्नस आपले. ज्ञानोबांच्या काळात एकादशीला तिकडचं यातलं काहीही नव्हतं. भगरीवर भागत असणार.

आणि हा कंद साधा नाही. त्याच्या कडू जातीत सायनाइड तयार होतं. तिथल्या बायका तो किसतात आणि ‘तिपिती’ नावाच्या लांब विणलेल्या नळीत भरतात. नळी वर टांगायची, खालच्या फासात दांडा अडकवायचा आणि त्यावर बसायचं. वजनानं नळी ताणली जाते, आवळते, आणि कीस पिळून निघतो. पिवळा रस खूप वेळ उकळून त्याचं विष घालवतात, मग त्यात बदक शिजवतात. रसाच्या तळाशी जो पांढरा साका बसतो, तसल्याच स्टार्चचा गोल गोल साबुदाणा सेलमच्या कारखान्यांत होतो. हे सगळं मी गेल्या चतुर्थीला सांगत असताना बायको भिजलेला एकेक दाणा बोटात दाबून बघत होती. म्हणाली, “विष गेलं असेल तर शेंगदाण्याचं कूट करा.”

तर असा मी, पर्यटक नव्हे, अभ्यासक! आणि मला सहलीच्या एजंटाचा फोन आला. “काका, डे थ्री मस्त बसवलाय. सकाळी पिंक डॉल्फिन, मग पिरान्हा फिशिंग, चारला ट्रायबल व्हिलेज पंचेचाळीस मिनिटं, डान्स इन्क्लुडेड, रात्री मगरी.”

‘काका’ मी गिळलं. पण पिरान्हा आणि मगरीच्या मध्ये माणसं? देसाना, तुकानो अशा जमातींची काही कुटुंबं रिओ नेग्रोच्या वरच्या अंगाहून, शेकडो किलोमीटरवरून मानौसजवळ येऊन राहिली आहेत. पाहुण्यांपुढे नाचून पोट भरतात. त्यात गैर काही नाही. चीड आली ती त्या रांगेची. आणि नेमका मला डहाणूकडचा एक रिसॉर्ट आठवला. बुफेशेजारी एक म्हातारा तारपा वाजवत होता, गाल फुगवून, डोळे मिटून. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. पाठी आमच्याच होत्या, कारण पनीर आलं होतं. कोणीतरी म्हणालं, “जरा हळू वाजवायला सांगा ना.” त्यानं डोळे उघडून पाहिलं आणि खरंच हळू वाजवलं. मी काहीच बोललो नाही. माझं पान भरलेलं होतं.

रिओ नेग्रोच्या त्या लोकांच्या विधींतल्या काही बासऱ्या त्यांच्या बायकांनीही पाहायच्या नसतात. त्या पंचेचाळीस मिनिटांत बसणार नाहीत, हे वाचून मला फार बरं वाटलं.

मग मी एजंटाला सांगितलं, तो ‘डे थ्री’ काढून टाका, आम्ही जूनअखेर पारिन्तिन्सच्या उत्सवाला जातो. तिथे लोक स्वतःसाठी नाचतात. गरोदर बाईला मालकाच्या लाडक्या बैलाची जीभ खायचे डोहाळे लागतात, नवरा बैल मारतो, बैल पुन्हा जिवंत होतो. एवढ्या कथेवर तीन रात्री, दोन संघ: लाल गारांचिदो आणि निळा काप्रिशोझो. निळेवाले लाल संघाचं नावसुद्धा घेत नाहीत, ‘विरुद्ध पक्ष’ म्हणतात. कोका-कोलाही तिथे निळा होतो.

“मी लाल,” बायको म्हणाली. “माझी पैठणी लाल आहे.”

मी निळा झालो. तत्त्वाचा प्रश्न होता. मग तिला नियम समजावला: एक संघ नाचत असताना दुसऱ्याच्या पाठीराख्यांनी चूप बसायचं. आवाज केला तर आपल्याच संघाचे गुण जातात.

“किती वेळ?”

“अडीच तासांपर्यंत.”

“म्हणजे माझे लोक नाचत असताना तुम्ही अडीच तास एक शब्द बोलायचा नाही? माहितीसुद्धा द्यायची नाही?”

“नाही.”

“तीन रात्री?”

“तीन.”

“काढा तिकीट,” ती म्हणाली.