पोटाचा बंदोबस्त

इंदुरातल्या मराठी घरांत 'पेट' शिरला म्हणून हळहळणाऱ्या शुद्धिप्रेमींचं कौतुक करावं तेवढं थोडं. फक्त त्यांनी अर्ध्यावर थांबू नये. खरा घुसखोर 'पोट' आहे. हेमचंद्रांनी बाराव्या शतकातच 'देशीनाममाले'त 'पोट्ट' नोंदवला, म्हणजे संस्कृतातून ज्यांची व्युत्पत्ती लागत नाही अशांच्या यादीत. कुळ नाही, गोत्र नाही, आणि पसारा बघा! कायद्यात पोटकलम, घरात पोटभाडेकरू, राजकारणात पोटनिवडणूक. शेजाऱ्याचं बरं झालं की दुखतं पोटात, लेकराचे अपराध घालायचे तेही पोटात. हृदयासारखा खानदानी अवयव मात्र बिनकामाचा बसून.

2017 पासून देशात स्वच्छतेचा पहिला नंबर मिळवत आलेल्या शहराला हे शोभत नाही. ओला-सुका वेगळा करायची सवय आहेच. आता दारात तत्सम, तद्भव आणि देशी असे तीन डबे ठेवावेत. तिसरा रोज सकाळी कचरागाडीत रिकामा करावा. मग उदरनिवडणुका होतील, उदरभाडेकरू येतील, आणि पोरं शाळा बुडवायला 'आई, उदरात दुखतंय' म्हणतील.

अडचण एकच. सराफ्यात रात्री पेढ्या बंद झाल्या की ठेले लागतात. भुट्ट्याचा कीस, गराडू आणि वर गरम जिलबी, एवढं सगळं उदरात मावत नाही. तेव्हा रात्रीपुरती पोटाला सूट राहील.

हरकती लेखी द्याव्यात. पोटतिडकीने बोलणाऱ्यांची नोंद घेतली जाणार नाही.