रॉमभाऊ

त्यांना आपण रामभाऊ म्हणू. कंपनीच्या बसमध्ये त्यांचं रॉमभाऊ झालंय आणि ते त्यांना मनापासून आवडतं. मूळचे चोपड्याकडचे, राहायला डिंडोलीत, नोकरी हजीऱ्याच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनची. उधना, लिंबायत, डिंडोली हा सगळा पट्टा खानदेशाने भरलेला. ताप्ती लाइनच्या गाडीत बसायचं, सुरतेला उतरायचं आणि पोटापाण्याला लागायचं, ही आमच्याकडची जुनी वाट. तापीसुद्धा भुसावळवरून वाहत येऊन हजीऱ्यालाच समुद्राला मिळते, तिथे माणसांचं काय!

रॉमभाऊंचा छंद जुन्या मोबाइलचा. जुने फोन जमवणारे वेगळे. ते फोन पुसून कपाटात ठेवतात. रॉमभाऊ फोन आतून पुसतात. कंपनीने दिलेलं सॉफ्टवेअर काढायचं, त्या जागी कुणीतरी हौसेने बनवलेली रॉम टाकायची, ती नीट चालायला लागली की कंटाळून दुसरी टाकायची. नीट चालणारा फोन त्यांना बघवत नाही. 'काहीच प्रॉब्लेम नाही?' हा प्रश्न ते आजारी माणसाला विचारावा तशा काळजीने विचारतात.

या वेडाचं मूळ मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग लक्षात आलं, ते हजीऱ्यातच आहे. प्लांटमध्ये चालू मशीनला हात लावायचा नाही, हा पहिला कायदा. एक ट्रान्समीटर बदलायचा तरी वर्क परमिट, त्यावर सह्या, मग लाइन बंद, मग टॅग. कुठल्या अलार्मचं सेटिंग एका अंकाने हलवायचं म्हटलं तर आधी अर्ज आणि मग मीटिंग. हे बरोबरच आहे. गॅसच्या लाइनवर कुणी हौस भागवू नये. पण ज्याच्या हाताला उपजत खाज आहे त्याने करायचं काय? आठ तास दुसऱ्याच्या सहीसाठी थांबलेला हा माणूस घरी आला की स्वतःच प्लांट हेड होतो. परमिट देणारा तोच, घेणारा तोच. "आज रात्री शटडाऊन घेतोय," असं बसमध्ये म्हणाले की समजायचं, फोनचं काही खरं नाही.

असं एक शटडाऊन मी त्यांच्या घरी बसून पाहिलंय. पेशंट होता रेडमी नोट 4. हा फोन जानेवारी 2017 मध्ये भारतात आला तेव्हा त्यात अँड्रॉइड 6 होतं. कंपनीने तो 7 पर्यंत नेला आणि तिथे थांबली. रॉमभाऊंनी तो तिथून 12 पर्यंत आणला होता आणि आता 13 चा मुहूर्त होता. जेवणं झाली, वहिनींनी ओटा आवरला, पोरं झोपली. मग त्यांनी बॅटरी पन्नास टक्क्यांवर असल्याची खात्री केली, फोन बंद केला आणि व्हॉल्यूम व पॉवरची बटणं एकदम दाबून धरली. पडद्यावर टीडब्ल्यूआरपी, म्हणजे रॉम बदलायचं हत्यार, आलं. पुसायच्या गोष्टींची यादी आली: डाल्विक, कॅशे, सिस्टिम, डेटा. रॉमभाऊ एकेका चौकोनात टिचकी मारत गेले, सत्यनारायणाला एकेक सुपारी मांडावी तसे. शेवटी 'सरकवा' म्हणणारी निळी पट्टी. तिच्यावर अंगठा ठेवून ते क्षणभर थांबले, मला म्हणाले, "बॅकअप घेतलाय हं," आणि सर्रकन सरकवलं.

मग नवी रॉम आत सोडली. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरं धावली. मग फोन चालू झाला आणि लाइनेज नावाच्या रॉमची ती कमान आली, तिच्यावर एक गोल इकडून तिकडे घरंगळत राहतो. पहिल्या वेळी दहा मिनिटं लागू शकतात. रॉमभाऊ त्या गोलाकडे बघत होते, मी रॉमभाऊंकडे. "याच्याहून जास्त वेळ फिरला तर बूटलूप, म्हणजे फोन अडकला," ते हळूच म्हणाले. त्या आवाजात भीती होती असं मी म्हणणार नाही, आशा होती. पण फोन सरळ सुरू झाला. चेहरा पडला. मग त्यांनी भराभर तपासणी केली: वायफाय चालू, ब्लूटूथ चालू, बोटाचा ठसा... बंद! एकदम तरतरी आली. "बघा, आता रात्र मार्गी लागली."

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टच्या बसला रॉमभाऊ नव्हते. सगळं पुसताना पहाटेचा अलार्मही पुसला गेला होता.

फोनवर बोलता येणं ही बाब त्यांच्या तपासणीत बरीच खाली येते. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं आणि आमच्या अख्ख्या बसने सिम घेतलं. जिओ तेव्हा सगळंच 4जीवर. व्होल्टी, म्हणजे 4जीवरून कॉल करायची सोय, नसेल तर इंटरनेट धावायचं, पण साधा कॉल लागायचा नाही. त्या काळातल्या बऱ्याच रॉममध्ये नेमकं व्होल्टीच नसायचं. त्यामुळे रॉमभाऊंच्या फोनवर अमेरिकेतल्या रॉकेटचं उड्डाण थेट दिसायचं, पण चोपड्याहून सासऱ्यांचा फोन यायचा माझ्याकडे. "जावईबापूंना सांगा, फोन लागत नाही." मी निरोप द्यायचो. रॉमभाऊ म्हणायचे, "त्यांना सांगा, पुढच्या बिल्डमध्ये होईल." हे मी चोपड्याला कसं सांगणार?

हे बिल्ड, म्हणजे रॉमची नवी आवृत्ती, बनवतं कोण, तर कुठल्यातरी इंजिनिअरिंग कॉलेजातलं पोरगं. फुकट बनवतं, रात्री जागून बनवतं आणि परीक्षा आली की गायब होतं. सोबत आलेल्या टिपणात शेवटी लिहिलेलं असतं, 'बग्ज: तुम्हीच सांगा.' पुढचं बिल्ड कधी येणार, हे मात्र विचारायचं नाही. रॉमवाल्यांत ते पाप आहे. पन्नाशीकडे झुकलेले रॉमभाऊ त्या पोराला सर म्हणतात आणि मे महिन्यात त्याच्या निकालाची स्वतःच्या मुलापेक्षा जास्त काळजी करतात.

हजीऱ्यातल्या गेटांवर मोबाइलला फारसा मान नाही. कुठे फोन बाहेरच जमा करायचा, कुठे कॅमेऱ्यावर स्टिकर लावून आत न्यायचा. एकदा गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने स्टिकरची गुंडाळी पुढे केली. रॉमभाऊ अभिमानाने म्हणाले, "जरूर नथी, भाई. केमेरा चालतो ज नथी." त्याने उघडून पाहिलं. पडदा काळा. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मागे फर्स्ट शिफ्टची रांग वाढत गेली आणि रॉमभाऊ तिघांना समजावत राहिले की हा दोष फोनचा नसून कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरचा आहे. "ड्रायवर क्यां छे?" तिसऱ्याने विचारलं. शेवटी बंद कॅमेऱ्यावरही स्टिकर लागलाच.

रॉमच्या दुनियेत फोनला टोपणनावं असतात. पहिला मोटो जी म्हणजे फाल्कन, नोट 4 म्हणजे मिडो, वनप्लस वन म्हणजे बेकन आणि यू युरेका म्हणजे चक्क टोमॅटो. "टोमॅटो मेला," हे वाक्य ऐकून वहिनी एकदा फ्रिज उघडायला गेल्या होत्या. या टोमॅटो आणि बेकनची कोर्टकचेरी रॉमभाऊ शेताच्या बांधावरची भाऊबंदकी सांगावी तशी सांगतात. स्टीव्ह कोंडिक नावाच्या माणसाने 2009 च्या सुमारास सायनोजेनमॉड ही रॉम सुरू केली. त्याची पुढे कंपनी झाली. तिने वनप्लसला सॉफ्टवेअर दिलं आणि मग भारतापुरता हक्क मायक्रोमॅक्सच्या यूला दिला. डिसेंबर 2014 मध्ये प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, वनप्लसच्या विक्रीला मनाई झाली आणि थोड्याच दिवसांत वरच्या खंडपीठाने ती उठवली. दोन वर्षांनी, 2016 च्या डिसेंबरात, सायनोजेनने गाशाच गुंडाळला. हौशी पोरांनी तेच काम लाइनेज नावाने पुढे चालू ठेवलं. "भांडणारे गेले," रॉमभाऊ खिशातून फुटक्या पाठीचा युरेका काढून दाखवतात, "टोमॅटो आहे."

जगातल्या कुठल्याही बदलाकडे ते याच चष्म्यातून बघतात. 2019 च्या अखेरीस हजीऱ्याच्या एस्सार स्टीलचं आर्सेलरमित्तल निप्पॉन स्टील झालं. बसमध्ये दिवसभर तेवढीच चर्चा, पगाराचं काय, बोनसचं काय. रॉमभाऊंनी खिडकीतून चिमण्यांकडे पाहिलं आणि निकाल दिला, "हार्डवेअर तेच आहे. रॉम बदलली."

फोनचा संपूर्ण ताबा आपल्याकडे पाहिजे, म्हणून ते फोन रूट करतात. पण रूट केलेल्या फोनवर बँकेची ॲप्स उघडायलाच तयार नसतात. मग मॅजिस्क टाकून रूट लपवायचं. ॲप अपडेट झालं की ते पुन्हा पकडतं. पुन्हा नवी युक्ती. हा लपंडाव सुरू असताना सुरती लोचोच्या लारीवर प्लेट हातात घेऊन उभं राहायचं आणि क्यूआर कोडसमोर फोन धरला की 'हे उपकरण सुरक्षित नाही'. आपल्या फोनची नसन् नस ज्याच्या मालकीची आहे, त्या माणसाचे चाळीस रुपये दर वेळी वहिनी भरतात. त्यांचा फोन कंपनीने दिला तसाच आहे. त्याला हात लावायचं परमिट त्यांनी कायमचं नाकारलंय.

तरी एक गोष्ट लिहायलाच हवी. 2020 मध्ये शाळा मोबाइलवर आल्या तेव्हा मोरा गावातल्या चाळींमध्ये कंत्राटी कामगारांची कितीतरी पोरं नुसती बसून होती. रॉमभाऊंनी ओळखीच्या प्रत्येक घरातले खण उघडायला लावले. मेलेले, अडलेले, 'स्टोरेज फुल' म्हणून टाकून दिलेले फोन गोळा केले, त्यांत हलक्या रॉम भरल्या आणि वाटले. ते फोन चालले. रॉमभाऊंना वेडा म्हणणाऱ्यांनी, म्हणजे आम्ही सगळ्यांनीच, आपले खण एवढ्या कामाचे आहेत हे तेव्हा पाहिलं. अर्थात रॉमभाऊ ते रॉमभाऊच. आवाज येत नाही म्हणून चौथीतली एक मुलगी रडत आली, तर तिला म्हणाले, "आधी लॉगकॅट पाठव, त्याशिवाय तक्रार घेणार नाही." लॉगकॅट म्हणजे फोनच्या आतल्या घडामोडींची नोंद. तिच्या आईला वाटलं, शाळेने मागितलेला दाखला असेल.

अलीकडे आजी, म्हणजे रॉमभाऊंच्या आई, चोपड्याहून राहायला आल्या. त्यांच्यासाठी वहिनींनी मुद्दाम कुणाकडून तरी बटणांचा जुना जिओफोन आणला. त्यात करण्यासारखं काहीच नाही, निदान एका फोनवर तरी माणसाला माणूस भेटेल, असा हिशेब. आजी दुपारी बहिणीशी अहिराणीत मनसोक्त बोलायच्या. आठवडाभर घरात शांतता होती.

परवा बसमध्ये रॉमभाऊ माझ्या शेजारी येऊन बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला वाटतं तो साधा फोन आहे? आत कायओएस आहे. म्हणजे मुळात फायरफॉक्स ओएस. म्हणजे लिनक्स, भाऊ!"

"आजींचा फोन आहे तो, रॉमभाऊ."

"तेच तर. आई एक ते तीन झोपते." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "दोन तासांचं शटडाऊन मिळतंय."